कापलेल्या कागदामागे पाच दिवस

पहिला दिवस, शुक्रवार. म्युनिक ते ऑग्सबुर्ग

कागद पोस्टकार्डापेक्षा लहान आहे. म्युनिकच्या जुन्या बाजारात ३५ युरोंना घेतला तेव्हा विकणारे आजोबा एवढंच म्हणाले, "माइसनर. कडा कापल्यात, म्हणून स्वस्त." माइसनर म्हणजे सतराव्या शतकातला एक कवी; शहरांची चित्रं आणि त्यांना जोडलेली उपदेशाची पद्यं असं पुस्तक त्याच्या नावावर आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. मागे नदी, तटबंदी, चार-पाच मनोरे असलेलं कुठलंसं शहर. पुढे, त्या शहराहून मोठा दिसणारा, एका पायावर उभा असलेला पक्षी. दुसऱ्या पायाच्या पंज्यात धोंडा.

अशा चित्राच्या वर लॅटिनमध्ये एक बोधवाक्य असतं, शहराचं नाव असतं, खाली दोन ओळी लॅटिन आणि चार ओळी जर्मन पद्य. माझ्या कागदावर यातलं काहीच नाही. कुणीतरी, कधीतरी, चौकटीत बसावं म्हणून कात्रीने सगळे शब्द उडवलेत. शहर उरलं, पक्षी उरला, उपदेश गेला.

पुण्याहून आत्या आली होती. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, पण निवृत्त न झाल्यासारखी. तिने चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि निकाल दिला, "बगळा आहे. ढोंगी मेला. मासे येईपर्यंत ध्यान लावून उभा."

"आत्या, तो क्रौंच आहे. पहाऱ्यावरचा. डुलकी लागली तर धोंडा पडेल आणि जाग येईल, म्हणून पायात धरलाय. इकडे तो सावधपणाचं चिन्ह आहे."

"म्हणजे एकाच पायावर उभं राहून इकडे तो पहारेकरी आणि आपल्याकडे भोंदू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण ही चित्रं ज्या गावांत जन्मली ती गावं रेल्वेने सहज जोडता येतात हे माहीत होतं. पाच दिवसांची सुट्टी टाकली. कागद जाड पुठ्ठ्यात घालून पिशवीत ठेवला.

ऑग्सबुर्ग म्युनिकपासून पाऊण तासावर. स्टेशनातून बाहेर पडल्यावर आत्याला गटाराच्या झाकणावर अननस दिसला. मग एका इमारतीवर, मग आणखी एका. तो अननस नाही, पाइन जातीच्या झाडाचं बोंड आहे; रोमन काळापासून चालत आलेलं शहराचं चिन्ह. "प्रत्येक चिन्हाखाली नाव लिहायला काय जातं यांचं," आत्या म्हणाली. पाच दिवसांत हे वाक्य मला बऱ्याचदा आठवलं.

आम्हाला हवं होतं कॅथीड्रलजवळचं एक घर. कॉनराड पॉइटिंगर हा शहराचा चिटणीस इथे राहायचा. मिलानचा वकील आंद्रेआ आल्चातो याने आपल्या छोट्या लॅटिन कवितांचा संग्रह त्याला अर्पण केला होता. 1531 मध्ये ऑग्सबुर्गच्याच हाइनरिख श्टाइनर या छापखानेवाल्याने तो छापला आणि बहुतेक कवितांवर लाकडी ठशाचं चित्र टाकलं. वर बोधवाक्य, मध्ये चित्र, खाली पद्य. युरोपातल्या 'एम्ब्लेम' नावाच्या प्रकाराचं हे पहिलं पुस्तक. गंमत म्हणजे आल्चातोला ही आवृत्ती मुळीच आवडली नाही, इतक्या चुका होत्या. 1534 मध्ये त्याने पॅरिसहून नीट सुधारून काढली. पण तोवर साचा पडला होता. पुढची दीडदोनशे वर्षं युरोपभर या पद्धतीची पुस्तकं निघत राहिली.

आत्याने हा सगळा प्रकार एका शब्दात बसवला: अन्योक्ती. "चातकाला उद्देशून बोलायचं आणि ऐकवायचं माणसाला. आपल्याकडे शब्दांनी चित्र काढत, यांनी ठसा घेतला." मला हे पटलं, पण पूर्ण नाही. अन्योक्तीत चातक कशासाठी आला ते कवीच सांगतो. एम्ब्लेममध्ये चित्र मुद्दाम कोड्यासारखं असतं; वरचं वाक्य अर्धं सांगतं, खालचं पद्य उरलेलं. तिघांपैकी एक गेलं की बाकीचे दोघे घुटमळतात. माझ्या कागदावरून तर दोन गेले आहेत.

आणि हो, क्रौंचाचा दुसराही अर्थ आहे, तो आल्चातोकडेच आहे. तिथे पक्षी उडताना पायात खडा धरतो, वाऱ्याने भरकटू नये म्हणून. बोधवाक्य म्हणजे तीन प्रश्न: कुठे चुकलो, काय केलं, काय करायचं राहिलं? पायथागोरसच्या शिष्यांनी दिवसअखेर स्वतःला विचारायचे, असं म्हणतात. आत्या म्हणाली, "हा तिसरा. पहारेकरी, भोंदू, आणि आता झोपण्यापूर्वी हिशेब मांडणारा."

पॉइटिंगरची बायको वेल्झर या व्यापारी घराण्यातली. या वेल्झरांनी 1505 मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेइदा या पोर्तुगीज सरदाराच्या आरमारात पैसा घातला होता आणि आपला माणूस, बाल्थाझार श्प्रिंगर, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पाठवला होता. त्याने आणलेल्या माहितीवरून हान्स बुर्कमाइर या इथल्याच चित्रकाराने 1508 मध्ये कोचीनच्या राजाची मिरवणूक लाकडी ठशांत छापली. पोर्तुगीजांनी गोवा घेण्याच्या दोन वर्षं आधीच या गल्लीत मलबारची चित्रं विकली जात होती. आत्याचं आजोळ गोव्यातल्या फोंड्याचं. ती बराच वेळ त्या घराच्या दारासमोर उभी राहिली. दार बंद होतं.

नगरभवनातल्या सोनेरी दालनाबद्दल फार लिहीत नाही. छताच्या मधोमध रथावर बसलेली 'प्रज्ञा' आहे, आजूबाजूला आणखी गुणदेवता. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात सगळं जळालं, आज दिसतं ते नव्याने केलेलं. मान दुखेपर्यंत पाहिलं.

दुसरा दिवस, शनिवार. न्यूरेंबर्ग

सकाळची गाडी पन्नास मिनिटं उशिरा. आत्याने फलाटावर दशम्या काढल्या.

न्यूरेंबर्गला दोन कारणांनी आलो. पहिलं, 1493 चा मोठा इतिहासग्रंथ. हार्टमान शेडेलने लिहिला, आंटोन कोबेर्गरने छापला. त्यात 1809 चित्रं आहेत, पण लाकडी ठोकळे फक्त 645. म्हणजे एकच ठोकळा पुन्हा पुन्हा वापरलाय, आणि राजे-पोप यांच्यापुरताच नव्हे, शहरांसाठीसुद्धा. माइन्स, नेपल्स, बोलोन्या आणि लिऑन ही चार शहरं त्या ग्रंथात हुबेहूब सारखी दिसतात, कारण ठोकळा तोच. न्यूरेंबर्गचं स्वतःचं चित्र मात्र दोन पानभर आणि मनोरा न मनोरा ओळखू येईल असं.

आत्याला याचं हसू आलं नाही, राग आला. "हे म्हणजे मुलांनी भूगोलाच्या पेपरात सगळ्या शहरांपुढे 'हे शहर नदीकाठी वसले आहे' लिहिण्यासारखं."

मला वाटतं त्या काळच्या वाचकाला यात फसवणूक दिसत नसावी. शहराचं चित्र म्हणजे 'इथे शहर आहे' असं सांगणारी खूण. तट, दार, देऊळ. माइसनरची शहरं एकशेतीस वर्षांत खूप बदललेल्या जगात जन्मली, तोवर लोकांना खरं शहर बघायची चटक लागली होती. तरी त्या शहरांपुढे जे पक्षी, सिंह, माणसं, तराजू उभे आहेत त्यांच्यात ही जुनी सवय शिल्लक आहे: शहर ही आधी कल्पना, मग ठिकाण.

दुसरं कारण नगरभवन. त्याच्या मोठ्या दालनाच्या भिंतींवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एम्ब्लेम रंगवले होते, नगरसेवकांनी कामकाज करताना समोर नीती दिसावी म्हणून. 1617 मध्ये पेटर इसेलबुर्गने त्यांची कोरीव चित्रं करून पुस्तक छापलं. दुसऱ्या महायुद्धात दालनाची रंगरंगोटी गेली. भिंती पुन्हा बांधल्या, चित्रं राहिली ती पुस्तकात. दगडापेक्षा कागद टिकला, हे आत्याने दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा माझ्या पिशवीकडे बघत.

संध्याकाळी चौकातल्या सोनेरी कारंज्याच्या जाळीतली कडी फिरवायला रांग होती. तीनदा फिरवली की इच्छा पूर्ण होते म्हणे. आत्याने फिरवली, काय मागितलं ते सांगितलं नाही. लेबकुखेन, म्हणजे इथले मसालेदार गोड केक, घेताना मात्र तिने "अंडं आहे का" हे विचारायला लावलं. होतं. डबा माझ्या वाट्याला आला.

या गावात पाउल फ्युर्स्ट नावाचा प्रकाशक होता. माइसनर मेल्यावर, मूळ प्रकाशकही मेल्यावर, त्या तांब्याच्या पाट्या याच्याकडे आल्या. 1637-38 मध्ये त्याने त्या आठ भागांत पुन्हा छापल्या, प्रत्येक भागात शंभर, आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात अक्षर आणि आकडा कोरला: ए १ ते एच १००. तो कोपरा माझ्या कागदावर असता तर या सगळ्या प्रवासाची गरज नव्हती. याच फ्युर्स्टने 1656 मध्ये चोचीचा मुखवटा घातलेल्या प्लेगच्या डॉक्टरचं चित्र छापलं, जे करोनाच्या काळात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. खाली डॉक्टरांच्या पैशाच्या हावेवर टवाळीचं पद्य आहे. मोबाइलवर फिरलेल्या बहुतेक प्रतींत ते पद्य कापलेलं होतं.

तिसरा दिवस, रविवार. न्यूरेंबर्ग ते फ्रँकफुर्ट

गाडीत दोन तास. टॅबलेटवर फ्युर्स्टच्या आवृत्तीची स्कॅन केलेली प्रत उघडली आणि पक्षी शोधायला लागलो. ए पासून.

एकेक चित्र मोठं करून बघायचं म्हणजे वेळ जातो. सुरुवातीला आत्या प्रत्येक शहराचं नाव मोठ्याने वाचत होती. मग शहरं सोडून ती पुढची आकृती बघायला लागली. शेवटी म्हणाली, "गावाचा आणि या गोष्टीचा संबंध काय?"

खरी गोम इथेच आहे. बऱ्याच पानांवर काहीच संबंध लागत नाही. अभ्यासकही यावर डोकं खाजवतात. काही ठिकाणी शहराच्या नावाशी, चिन्हाशी, धंद्याशी धागा लागतो; पण पुष्कळ वेळा एक तयार शहर, बहुधा आधीच्या कुठल्या पुस्तकावरून उतरवलेलं, आणि त्यापुढे एक तयार बोध, असं जोडून दिलेलं आहे. मी गाडीत यावर बरीच बडबड केली. माझं म्हणणं असं की बोध शहराला लावायचाच नाही, बघणाऱ्याला लावायचाय. पुस्तकाचं मूळ नाव 'थेसॉरस फिलो-पोलिटिकस', राजकीय खजिन्याची पेटी. अशी पुस्तकं तरुण लोक मित्रांच्या सह्या आणि ओळी गोळा करायला वापरत. मित्राने एखादं पान निवडून तिथे लिहायचं. मग शहर म्हणजे दोघांच्या प्रवासाची जागा, आणि बोध म्हणजे मित्राला दिलेला सल्ला.

"म्हणजे वहीत लिहून घ्यायची ती शुभेच्छांची पानं," आत्या म्हणाली. "आमच्या वेळी दहावीच्या मुली फुलं काढायच्या आणि खाली 'जीवन हे सुंदर गीत आहे' लिहायच्या. फुलाचा आणि गीताचा तरी काय संबंध होता?"

माझ्या पंधरा मिनिटांच्या बडबडीपेक्षा हे बरं.

फ्रँकफुर्टला पोचेपर्यंत सी भाग अर्धा झाला होता. पक्षी पुष्कळ होते, धोंडा कुणाच्याच पायात नव्हता. रविवार म्हणून दुकानं बंद. जुन्या गावात फिरलो. जुनं म्हणजे 1944 मध्ये बेचिराख झालेलं आणि 2018 पर्यंत नव्याने उभं केलेलं. लाकडी घरांची रांग इतकी नेटकी की हीच कुणीतरी कोरून रंगवल्यासारखी वाटते.

चौथा दिवस, सोमवार. फ्रँकफुर्ट

नगरभवनासमोरच्या चौकात न्यायदेवतेचं कारंजं आहे. 1611 पासून तिथे न्यायदेवता उभी आहे. आजची ब्राँझची मूर्ती एकोणिसाव्या शतकातली. एका हातात तलवार, दुसऱ्यात तराजू, आणि डोळ्यांवर पट्टी नाही. आत्या थबकली. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पट्टी नसलेली मूर्ती आणली तेव्हा घरात झालेला वाद तिला आठवला. तिथे तलवारही गेली, हातात संविधान आलं. "इथे चारशे वर्षं डोळे उघडे आहेत आणि वाद कुणी घातला नाही?" घातला असेल. पण पट्टीचा अर्थ निःपक्षपात की आंधळेपणा, हा प्रश्न धोंडा धरलेल्या पक्ष्यासारखाच आहे. खाली वाक्य असल्याशिवाय सुटत नाही.

तिथून नदीकडे जाताना बुखगास्से लागते, पुस्तकगल्ली. जत्रेच्या दिवसांत युरोपभरचे पुस्तकवाले इथे उतरत. एबरहार्ड कीझर हा कोरक-प्रकाशक याच शहरात काम करायचा. 1623 मध्ये त्याने माइसनरच्या पद्यांची पहिली पानं काढली. डॅनियल माइसनर हा बोहेमियातल्या कोमोटाऊचा, आजच्या चेक देशातल्या खोमुतोवचा कवी. 1625 मध्ये तो वारला. कीझरने काम थांबवलं नाही, 1631 पर्यंत पानं येत राहिली, एकूण आठशेहून जास्त.

ही सालं नीट बघितली की अंगावर येतात. तीस वर्षांचं युद्ध 1618 मध्ये बोहेमियातच पेटलं होतं. 1631 च्या मे महिन्यात माग्डेबुर्ग शहर लुटलं, जाळलं गेलं, हजारो माणसं मेली. शहरं एकामागून एक वेढ्यात सापडत होती आणि इथे एक माणूस त्याच शहरांची नीटस, अभंग चित्रं कोरत होता: तट शाबूत, मनोरे उभे, आणि पुढे एखादा प्राणी शिकवतोय की गर्व करू नये, मित्र पारखून घ्यावा, वेळ ओळखावी. मला आधी हे सगळं जरा बाळबोध वाटायचं. आता वाटतं, बाहेर आग असताना लोक घरात कसले उपदेश विकत घेत होते हे बघणं हीच या पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. फ्युर्स्टने ते पुन्हा छापलं तेव्हाही युद्ध संपायला दहा वर्षं होती. म्हणजे खपत होतं.

नदीवरच्या लोखंडी पुलावर प्रेमिकांची कुलुपं आहेत. आत्याने त्यांनाही एम्ब्लेम ठरवलं: चित्र कुलुपाचं, बोधवाक्य दोन आद्याक्षरांचं, पद्य नदीत.

रात्री खोलीवर ई भाग संपवला. पक्षी नाही.

पाचवा दिवस, मंगळवार. कोलोन

सव्वा तासात कोलोन. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की कॅथीड्रल अंगावर येतं. 1248 मध्ये पाया घातला, सोळाव्या शतकात काम थांबलं, 1880 मध्ये पूर्ण झालं. मधल्या काळात अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर दगड उचलायची एक लाकडी यारी उभी होती, शतकानुशतकं, 1868 पर्यंत. आंटोन वोएनझामने 1531 मध्ये, म्हणजे आल्चातोचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, नदीपलीकडून या शहराचं तीन मीटरांहून लांब चित्र कोरलं. त्यातही ती यारी आहे. त्या काळातल्या चित्रात शहराचं नाव कापलं तरी कोलोन ओळखू येतं, ते पूर्ण झालेल्या देवळामुळे नव्हे, अपुऱ्या कामावर राहून गेलेल्या त्या अवजारामुळे.

यारीला जर्मनमध्ये 'क्रान' म्हणतात. क्रौंचाला 'क्रानिख'. यंत्राला नाव पक्ष्यावरूनच मिळालं, मानेमुळे. हे आत्याला सांगितल्यावर ती वर बघून म्हणाली, "म्हणजे इथला क्रौंच चारशे वर्षं धोंडे उचलत होता, आणि तरी सगळे झोपले होते."

ग्रंथालयात आम्हाला एका मोठ्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण बघायचं होतं. गेओर्ग ब्राउन हा इथला धर्मगुरू आणि फ्रान्स होगेनबर्ग हा मेखेलेनहून आलेला कोरक यांनी 1572 ते 1617 या काळात सहा खंडांत जगातल्या शहरांची साडेपाचशेच्या आसपास चित्रं काढली. माइसनरच्या पुस्तकातली अनेक शहरं या खंडांवरून उतरवलेली आहेत. ब्राउनने प्रस्तावनेत लिहिलंय की चित्रांच्या पुढच्या भागात माणसं मुद्दाम घातली आहेत. तुर्कांना मानवी आकृती वर्ज्य, म्हणून ते हे पुस्तक लष्करी कामाला वापरणार नाहीत. हा भाबडेपणा की विक्रीची युक्ती, यावर आमचं एकमत झालं नाही.

पण त्या माणसांनी हळूहळू स्वतःचं काम सुरू केलं. याच खंडांतल्या, हूफनाखेल या चित्रकाराने काढलेल्या सेव्हिलच्या एका चित्रात पुढे धिंड चालली आहे. व्यभिचाराची शिक्षा. गाढवावर बायको, आणि गाढवावरच नवरा, डोक्यावर शिंगं. आत्याने विचारलं, "नवऱ्याची धिंड कशाला?" कारण त्याने बघून न बघितल्यासारखं केलं. "मग मागे उभे असलेल्यांचं काय?" आत्या म्हणाली आणि पान उलटलं.

मग ते पान आलं. एकाच कागदावर चार गावं: मोरोक्कोतली अनफा आणि अझेम्मूर, दीव, आणि गोवा. मांडवीकाठचं जुनं गोवं. शेजारी लॅटिन मजकूर: हिंदुस्थानातलं अतिशय बळकट शहर गोवा, ख्रिस्ती सत्तेखाली आलं सन 1509 मध्ये.

आत्या खुर्चीत ताठ बसली. "1510. आधी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास घेतलं, आदिलशहाने परत मिळवलं, मग 25 नोव्हेंबरला कायमचं. पंधराशे नऊ कुठून आणलं यांनी?"

"चूक असेल."

"चार गुण कापले असते."

मी ते पान पुन्हा बघत होते. इथे बोधाची गरजच नव्हती, 'ख्रिस्ती सत्तेखाली आलं' हाच बोध होता. फोंड्याहून बघणाऱ्याने त्याच तटाखाली वेगळी ओळ लिहिली असती. आत्या यावर काही बोलली नाही. तिने फक्त बोट नदीवर ठेवलं आणि वरच्या बाजूला, कागदाच्या बाहेर, टेबलावर सरकवत नेलं. फोंडा तिथे कुठेतरी.

गाडीला दीड तास होता. स्टेशनच्या बाकावर तिने माझी पिशवी मागितली, पुठ्ठा काढला, पक्षी पुन्हा एकदा चष्म्याशिवाय बघितला. "याचं शहर नको शोधूस आता," ती म्हणाली. मी म्हटलं एफपर्यंत आलोय, दोनच भाग राहिलेत. शिवाय तो माइसनरचा आहे हे तरी कशावरून? त्या आजोबांच्या शब्दावरूनच ना. तिने पेन्सिल मागितली. मला वाटलं एखादी ओवी लिहिते की काय चित्राखाली. तिने पुठ्ठा उलटा केला आणि मागे, फळ्यावर लिहायचं त्या वळणदार अक्षरात लिहिलं:

"ऑग्सबुर्ग, न्यूरेंबर्ग, फ्रँकफुर्ट, कोलोन. पक्षी: बगळा (वादग्रस्त). गोवा 1510."

दहाचा आकडा तिने दोनदा अधोरेखित केला.